उसन्या कल्पना आणि मराठी विज्ञानकथेचे स्वत्व

प्रास्ताविक

मराठी कथेच्या इतिहासलेखनात विज्ञानकथेच्या वाट्याला बहुधा अखेरच्या प्रकरणातील एखादे पान येते. ग्रामीण, दलित किंवा नवकथेची चर्चा जितक्या आस्थेने होते, तितकी या प्रकाराची होत नाही. या उपेक्षेमागे उघड किंवा अप्रकट असे एक गृहीत आढळते. विज्ञानकथेतील कल्पना मुळात पाश्चात्त्यांच्या, मराठी लेखकाने त्यांना फार तर देशी पोशाख चढवला, तेव्हा येथे स्वतंत्र निर्मिती शोधण्यात अर्थ नाही, असे ते गृहीत होय. प्रस्तुत लेखात या गृहीताची ऐतिहासिक तपासणी केली आहे. उसनवारी झाली हे नाकारण्याचे कारण नाही. ती कोणत्या स्वरूपाची होती आणि घेतलेल्या कल्पनेचे येथे पुढे काय झाले, हा खरा प्रश्न आहे.

मूळ धनी कोण?

हा प्रश्न केवळ मराठीचा नाही. ज्या देशात विज्ञानकथा हा मोठा व्यवसाय झाला, त्या अमेरिकेतही तो पुन:पुन्हा उपस्थित होतो. तेथील प्रौढांसाठीच्या विनोदी ॲनिमेशन मालिकांनी तर त्याचीच थट्टा केली. ‘साऊथ पार्क’ या मालिकेच्या २००२ मधील एका भागाचा विषयच हा आहे. त्यातील एक मुलगा जगाचा विध्वंस करण्यासाठी नवनव्या युक्त्या योजतो आणि प्रत्येक वेळी त्याला ऐकावे लागते की, ‘द सिम्पसन्स’ या मालिकेने हे आधीच करून ठेवले आहे. त्याच भागात माशांच्या काचपेटीत सूक्ष्म जीवांची एक संस्कृती उदयास येते. ‘सिम्पसन्स’ने १९९६ मध्ये जवळजवळ हेच दाखवले होते. गंमत अशी की, ‘सिम्पसन्स’नेही ही कल्पना ‘ट्वायलाईट झोन’ या जुन्या मालिकेच्या १९६२ मधील ‘द लिटल पीपल’ या भागातून घेतली होती, हे ‘साऊथ पार्क’मधील पात्रेच बोलून दाखवतात. ही साखळी तेथेही संपत नाही. प्रयोगशाळेत इवल्या जीवांची जात निर्माण करणारा शास्त्रज्ञ थिओडोर स्टर्जनच्या १९४१ मधील कथेत आहे, आणि इवल्या माणसांचे राज्य तर स्विफ्टच्या गलिव्हरने १७२६ मध्येच पाहिले होते.

या साखळीत पहिला सावकार सापडत नाही. तरीही या कलाकृती एकसारख्या नाहीत. १९६२ च्या भागात इवल्या लोकांचा देव होऊन बसलेला अंतराळवीर त्याच्याहून प्रचंड जीवाच्या हातून चिरडला जातो. ती अहंकाराची शोकांतिका आहे. ‘सिम्पसन्स’मध्ये बहीण देव ठरते आणि भाऊ सैतान, म्हणजे तोच प्रसंग घरगुती भांडणाच्या पातळीवर येतो. ‘साऊथ पार्क’मधील जीव कोणाला पूजावे यावरून युद्ध करतात आणि नष्ट होतात. कल्पना एकच असली तरी तिच्यातून काढलेले निष्कर्ष निराळे आहेत.

दुसरे उदाहरण भारतीय वाचकाला अधिक जवळचे वाटेल. १९९९ मध्ये सुरू झालेल्या ‘फ्युचरामा’ या मालिकेचा नायक गोठवला जातो आणि हजार वर्षांनी जागा होतो. भागवतातील मुचुकुंद गुहेत युगानुयुगे झोपतो आणि बाहेर येतो तेव्हा माणसे व झाडे खुजी झालेली पाहतो. त्याच पुराणातील ककुद्मी राजा कन्या रेवतीसाठी वर विचारावयास ब्रह्मलोकी जातो. तेथे गायन चालू असल्याने क्षणभर थांबतो आणि नंतर आपला प्रश्न मांडतो. ब्रह्मदेव हसतो. राजाच्या मनातील सर्व वर केव्हाच कालवश झालेले असतात, कारण तेवढ्या अवधीत पृथ्वीवर सत्तावीस चतुर्युगे उलटलेली असतात. विष्णुपुराणात तर पूर्वयुगातील उंचनिंच रेवतीला बलराम नांगराने ठेंगणी करतो. ही कथा सांगणाऱ्याला विनोदाचे अंग होते, यात शंका नाही. मात्र ‘आमच्याकडे हे सर्व पूर्वीच होते’ असा दावा यावरून करणे चुकीचे ठरेल. पुराणकाराने काळाच्या भिन्न गतीची कल्पना केली. तिची कारणमीमांसा त्याला अभिप्रेत नव्हती. विज्ञानकथेचा आरंभ त्या कारणमीमांसेपासून होतो.

रूपांतराचा काळ

मराठीत या प्रकाराचा प्रारंभ रूपांतराने झाला. कृष्णाजी नारायण आठल्ये यांच्या ‘केरळ कोकिळ’ मासिकात १९०० च्या सुमारास ज्यूल व्हर्नची चांद्रसफर मराठीत अवतरली. मूळ फ्रेंच कादंबरी १८६५ ची. तोफेच्या गोळ्यात बसून चंद्राकडे झेपावण्याची तिची कल्पना आज बाळबोध वाटते. पण सुटकेचा वेग, तोफेची लांबी आणि प्रक्षेपणाची जागा यांचा हिशोब मांडण्याची व्हर्नची पद्धत मराठी वाचकाला सर्वस्वी नवी होती. त्यानंतरच्या दशकांत श्री. बा. रानडे यांच्या ‘तारेचे हास्य’ या कथेपासून स्वतंत्र लेखनाचे प्रयत्न सुरू झाले. पुढे भा. रा. भागवतांनी व्हर्न मराठी मुलांच्या हाती दिला. व्हर्नचे ऋण त्यांनी कधी लपवले नाही. त्यांच्या फास्टर फेणेवर वाढलेल्या पिढीला विज्ञानसाहसाची गोडीही त्यांच्याकडूनच लागली.

लोकप्रिय भयकथेच्या प्रांतात चित्र काहीसे वेगळे आहे. नारायण धारप यांच्या ‘लुचाई’चे स्टीफन किंगच्या १९७५ मधील ‘सेलम्स लॉट’शी असलेले नाते जाणत्या वाचकांना परिचित आहे. येथे समीक्षकाने कठोर व्हावे की उदार? धारपांनी मराठी वाड्यातील अंधार ज्या भाषेत उभा केला, ती भाषा उसनी नव्हे. परंतु ऋणाची नोंद नसली म्हणजे इतिहासकाराची अडचण होते. लेखकाने काय घेतले आणि काय घडवले यांची विभागणी त्याला करता येत नाही आणि लेखकाचे स्वतःचे श्रेयही त्यामुळे संशयास्पद ठरते. नोंद न करण्याची ही सवय मराठी विज्ञानकथेच्या प्रतिष्ठेला कोणत्याही परकीय प्रभावापेक्षा अधिक मारक ठरली.

रूपांतर म्हणजे कनिष्ठ निर्मिती, ही समजूत मराठवाड्यात बसून तरी करून घेऊ नये. अजिंठ्याच्या १० क्रमांकाच्या लेण्यात षड्दंत जातक चित्रित आहे. काही शतकांनंतर तेच जातक १७ क्रमांकाच्या लेण्यात पुन्हा रंगवले गेले. सहा सुळ्यांच्या हत्तीची कथा दोन्ही चित्रकारांची स्वतःची नव्हती. तरीही १७ व्या लेण्यातील चित्र १० व्या लेण्याची नक्कल आहे, असे अभ्यासक म्हणत नाहीत.

नारळीकर : कल्पना आणि निष्पत्ती

मराठी विज्ञानकथेला १९७४ मध्ये वळण मिळाले. मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेत ‘कृष्णविवर’ या कथेला पहिला क्रमांक मिळाला. लेखकाचे नाव होते नारायण विनायक जगताप. या नावाची आद्याक्षरे उलट क्रमाने वाचली की जयंत विष्णू नारळीकर हाती येतात. आपल्या नावाचे दडपण परीक्षकांवर येऊ नये म्हणून त्यांनी टोपणनाव घेतले आणि हस्ताक्षरही पत्नी मंगला यांचे वापरले.

नारळीकरांनी (१९३८–२०२५) केंब्रिज येथे फ्रेड हॉइल यांच्याबरोबर संशोधन केले होते. हॉइल हे ‘द ब्लॅक क्लाऊड’ (१९५७) या गाजलेल्या विज्ञान कादंबरीचे लेखक. गुरूकडून शिष्याने विज्ञानाबरोबर कथालेखनाची प्रेरणाही घेतली, असे म्हणता येते. परंतु कृष्णविवराची कल्पना नारळीकरांना कोणत्याही कथाकाराकडून उसनी घ्यावी लागली नाही. तीव्र गुरुत्वाकर्षणाच्या क्षेत्रात काळाची गती मंदावते, हा आइन्स्टाइनच्या १९१५ च्या सिद्धांताचा परिणाम आहे आणि ते तर नारळीकरांचे स्वतःचे संशोधनक्षेत्र होते. शास्त्रातून थेट घेतलेल्या कल्पनेवर कोणा कादंबरीकाराचा हक्क पोहोचत नाही. या दृष्टीने ही उसनवारी भागवतांच्या किंवा धारपांच्या उसनवारीहून जातीनेच निराळी ठरते.

‘गंगाधरपंतांचे पानिपत’ ही कथा या संदर्भात अधिक बोलकी आहे. इतिहासाचा प्राध्यापक अशा जगात जाऊन पोहोचतो जेथे १७६१ मध्ये पानिपतावर मराठ्यांचा जय झाला. पर्यायी इतिहासाची ही कल्पना नवी नव्हती. अमेरिकेच्या यादवी युद्धात दक्षिणेचा विजय झाल्याचे जग वॉर्ड मूर यांनी १९५३ मध्येच रंगवले होते आणि त्यांचाही नायक इतिहासकारच होता. केवळ या साम्यावरून उसनवारी सिद्ध होत नाही. मूर यांच्या कादंबरीत घडामोडींचा खटका कालयंत्राने पडतो. नारळीकर मात्र विश्वासरावांना लागलेली किंवा कानाजवळून निसटलेली एक गोळी घेतात आणि तिला पुंजभौतिकीतील अनिश्चिततेशी जोडतात. मराठी मनातील सर्वांत हळव्या ‘जर’ला त्यांनी भौतिकशास्त्रात जागा करून दिली. ही निष्पत्ती उसनी आणता येण्याजोगी नव्हती.

कथेतील विनोदाकडे मात्र फारसे लक्ष गेलेले नाही. गंगाधरपंत सभांच्या अध्यक्षपदाचे हौशी आहेत. त्या दुसऱ्या जगातील मुंबईत आझाद मैदानावर व्याख्यान चालू असते आणि व्यासपीठावर अध्यक्षाची खुर्ची रिकामी असते. ते पाहून पंतांना राहवत नाही. ते धावत जाऊन खुर्चीत बसतात. त्या जगातील लोकांनी अध्यक्षीय भाषणांना कंटाळून ती प्रथाच मोडीत काढलेली असते, हे त्यांना ठाऊक नसते. ते बोलू लागतात आणि टोमॅटो व अंडी यांचा वर्षाव होतो. महाराष्ट्रातील सभा-संमेलने ज्याने पाहिली आहेत, त्यालाच हा प्रसंग पूर्णांशाने कळेल. समांतर विश्वांची कल्पना जगाची असेल. ती रिकामी खुर्ची मराठी आहे. पंत आपल्या जगात परततात तेव्हा त्यांच्या खिशात त्या दुसऱ्या जगातील बखरीचे एक फाटके पान असते, आणि पानिपतावरील चर्चासत्राचे अध्यक्षपद त्यांनी नाकारलेले असते.