मराठी अक्षरांसाठी ब्राउझरची जुळवाजुळव

नोव्हेंबर १९९५ मध्ये प्रमाणित झालेल्या एचटीएमएलच्या दुसऱ्या आवृत्तीने वेबपानासाठी जो वर्णसंच गृहीत धरला, तो पश्चिम युरोपातील भाषांचा होता. त्यात २५६ जागा होत्या आणि देवनागरीच्या वाट्याला एकही आलेली नव्हती. त्याच वर्षी १५ ऑगस्टला विदेश संचार निगमने भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट खुले केले होते. मराठी वाचक वेबवर आला तेव्हा वेबला मराठी येत नव्हती, ती अशी. पुढची पंधरा-एक वर्षे ही उणीव भरून काढण्याचे बरेचसे काम वाचकानेच केले. ब्राउझरच्या मेन्यूत शिरून, खुणा करून आणि खुणा काढून त्याने आपली भाषा पडद्यावर आणली.

देवनागरीला सांकेतिक क्रमांक नव्हते असे नाही. आयआयटी कानपूरमध्ये सुरू झालेले आणि पुढे पुण्याच्या सी-डॅकमध्ये वाढलेले ‘जिस्ट’ तंत्रज्ञान होते. भारतीय लिप्यांसाठीचा ‘इस्की’ हा संकेत १९९१ मध्ये भारतीय मानक झाला होता. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात आलेल्या, जगभरच्या लिप्यांसाठीच्या युनिकोड या संकेताच्या पहिल्या आवृत्तीने देवनागरीची मांडणी इस्कीच्या १९८८ च्या आराखड्यावरूनच घेतली. पण विंडोज ९५ ला आणि त्यावर चालणाऱ्या ब्राउझरला हे दोन्ही परके होते. तेव्हा संकेतस्थळे काढणाऱ्यांनी छापखान्यातली युक्ती उचलली.

डीटीपीच्या फॉन्टमध्ये इंग्रजी अक्षरांच्या जागी देवनागरीचे तुकडे बसवलेले असत: अर्धा ‘क’, काना, रफार, उकार. संगणकाच्या लेखी मजकूर रोमन लिपीतलाच. त्याला फक्त मराठी रूप दिलेले. प्रत्येक फॉन्ट बनवणाऱ्याची मांडणी निराळी, त्यामुळे एकाचा मजकूर दुसऱ्याच्या फॉन्टमध्ये वाचता येत नसे. छपाईत याने काही बिघडत नाही, कारण कागदावर अक्षराचा आकारच उमटतो. वेबपानाबरोबर मात्र फक्त क्रमांक येतात आणि आकार वाचकाच्या संगणकातून घ्यावा लागतो. तो फॉन्ट वाचकाकडे नसला, की अग्रलेखाच्या जागी विरामचिन्हे आणि रोमन अक्षरांची खिचडी दिसे.

म्हणून त्या काळच्या मराठी दैनिकांच्या मुखपृष्ठावर कोपऱ्यात ‘फॉन्ट डाउनलोड करा’ अशी कडी असे. फाइल उतरवायची, कंट्रोल पॅनेलमधल्या फॉन्टच्या फोल्डरमध्ये टाकायची, ब्राउझर बंद करून पुन्हा उघडायचा. दोन दैनिके वाचायची तर बहुधा दोन फॉन्ट. घरी संगणक असणाऱ्याला हे जमे. सायबर कॅफेत मात्र परक्या यंत्रात काही टाकायला मालक राजी नसे, आणि झाला तरी दुसऱ्या दिवशी दुसऱ्या खुर्चीवर बसावे लागे.

फॉन्ट टाकूनही काही अक्षरे गळत. तेव्हा दुसरा उपाय सांगितला जाई: ‘व्ह्यू’ मेन्यूत ‘एन्कोडिंग’ उघडा आणि ‘यूजर डिफाइन्ड’ निवडा. हे का करायचे ते क्वचितच सांगितले जाई. पानावर १२८ च्या पुढचे क्रमांक आले, की ब्राउझर आपल्याला ठाऊक असलेल्या लिपीचा नियम लावून त्यांचे अर्थ ठरवत असे. ते अर्थ युरोपीय असतील तर काही आकार निसटत. संगणक जपानी किंवा रशियन भाषेसाठी जुळवलेला असेल तर सगळेच पान बिघडे. परदेशी कार्यालयातल्या संगणकावर वर्तमानपत्र उघडणाऱ्या मराठी माणसाला हा अनुभव येण्याची शक्यता जास्त. ‘यूजर डिफाइन्ड’चा अर्थ इतकाच, की ब्राउझरने स्वतःची अक्कल चालवू नये, आलेला क्रमांक जसाच्या तसा फॉन्टकडे सोपवावा.

१९९७ मध्ये फॉन्ट उतरवण्याची कटकट मिटेल असे वाटू लागले. जूनमध्ये आलेल्या नेटस्केपच्या चौथ्या आवृत्तीने बिटस्ट्रीम कंपनीच्या ट्रूडॉक तंत्रावरचे ‘डायनॅमिक फॉन्ट’ आणले आणि त्याच वर्षी पुढे मायक्रोसॉफ्टने इंटरनेट एक्स्प्लोररच्या चौथ्या आवृत्तीत स्वतःची निराळी पद्धत दिली. दोन्हींमध्ये पानाबरोबर फॉन्टही आपोआप येई, पण एकाची फाइल दुसऱ्याला चालत नसे. भारतीय संकेतस्थळांनी दोन्ही प्रकारच्या फाइली ठेवल्या. दोन कंपन्यांच्या भांडणाची किंमत अशी तिसऱ्यानेच मोजली.

आपोआप येणारा हा फॉन्टही सेटिंगच्या मर्जीवर होता. नेटस्केपच्या पसंतीक्रमात तीन पर्याय असत: वाचकाचेच फॉन्ट वापरा, पानाने सांगितलेले वापरा, पण डायनॅमिक नको, किंवा पानाने सांगितलेले, डायनॅमिकसह. तिसरा निवडलेला नसेल तर मराठी पान दिसत नसे. इंटरनेट एक्स्प्लोररमध्ये ‘फॉन्ट डाउनलोड’ हा पर्याय सुरक्षेच्या यादीत होता. कार्यालयातल्या व्यवस्थापकाने सुरक्षेची पातळी वर नेली, की मराठी बंद पडे. पुढे नेटस्केपच्या सहाव्या आवृत्तीत ट्रूडॉकचा आधारच राहिला नाही, आणि नवा ब्राउझर घेतल्यावर जुनी पाने दिसेनाशी झाली.

दरम्यान प्रमाणांच्या पातळीवर निकाल लागला होता. डिसेंबर १९९७ च्या एचटीएमएल ४.० ने युनिकोडचा वर्णसंच स्वीकारला. केन थॉम्प्सन आणि रॉब पाइक यांनी १९९२ मध्ये आखलेली यूटीएफ-८ ही पद्धत युनिकोडचे क्रमांक पाठवण्यासाठी तयारच होती. फेब्रुवारी २००० मध्ये बाजारात आलेली विंडोज २००० ही मायक्रोसॉफ्टची देवनागरी जाणणारी पहिली प्रणाली. तिच्याबरोबर ‘मंगल’ हा फॉन्ट आला. १ मे २००३ ला मराठी विकिपीडिया सुरू झाला तो युनिकोडमध्येच. आता काही उतरवावे लागणार नाही, असे कागदोपत्री तरी ठरले.

प्रत्यक्षात दोष शोधण्याचे काम याच टप्प्यावर सर्वांत नाजूक झाले. आधी मुख्य दुखणे एकच होते, फॉन्ट नाही. आता तीन झाली, आणि प्रत्येकाची लक्षणे वेगळी. पान भरून चौकोन, म्हणजे बोलीभाषेत ‘डबे’, दिसले तर मजकूर बरोबर पोचला आहे, पण यंत्रात देवनागरीचा फॉन्ट नाही. चौकोनांऐवजी शिरोचिन्ह असलेला रोमन ‘ए’ पुन्हा पुन्हा दिसला तर फॉन्टचा काही दोष नाही. ब्राउझर यूटीएफ-८ चे पान युरोपीय समजून वाचतो आहे. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीच्या प्रत्येक अक्षरचिन्हाला तीन बाइट लागतात, आणि पहिला बाइट सर्वांचा सारखाच. युरोपीय संचात तो या ‘ए’चा. दुसरा बाइट दोनच प्रकारचा: स्वर, व्यंजने, काना आणि ऱ्हस्व वेलांटी यांच्यापुढे चलनाचे सर्वसाधारण चिन्ह येते, तर दीर्घ वेलांटी, उकार, मात्रा आणि हलन्त यांच्यापुढे जपानी येनचे. ‘म’ असेल तर तिसऱ्या जागी नोंदणीकृत व्यापारचिन्हाचा वर्तुळातला ‘आर’. सरावलेला माणूस या गोंधळाकडे पाहूनच मूळ मजकूर मराठी आहे हे ओळखे आणि एन्कोडिंगच्या मेन्यूत ‘युनिकोड (यूटीएफ-८)’ निवडून मोकळा होई.

खरा दोष पान बनवणाऱ्याचा असे. पानाच्या शीर्षभागात वर्णसंचाचा उल्लेख करायला तो विसरलेला असे, किंवा सर्व्हर त्या उल्लेखाविरुद्ध काही सांगत असे. एन्कोडिंगचा मेन्यू म्हणजे दुसऱ्याची चूक वाचकाने दर भेटीत निस्तरण्याची सोय होती.

तिसऱ्या दुखण्यात अक्षरे देवनागरीच दिसत, पण ‘कि’ची वेलांटी ‘क’च्या नंतर येई, जोडाक्षरे सुटून हलन्त उघडे पडत. युनिकोडमध्ये ऱ्हस्व वेलांटीचा क्रमांक व्यंजनानंतर साठवला जातो. पडद्यावर ती आधी दाखवणे हे अक्षरजुळणीच्या यंत्रणेचे काम. विंडोज एक्सपीमध्ये ही यंत्रणा भारतीय लिप्यांसाठी मुळात बंद असे. ती चालू करायला कंट्रोल पॅनेलमध्ये ‘रिजनल अँड लँग्वेज ऑप्शन्स’ उघडून एका चौकटीत खूण करावी लागे. त्या चौकटीपुढे लिहिलेले असे की ही सोय गुंतागुंतीच्या लिप्या व उजवीकडून डावीकडे लिहिल्या जाणाऱ्या भाषांसाठी आहे, थाईसह. हिंदीचे नाव नाही, मराठीचे तर नाहीच. थाई भाषेच्या नावाखाली मराठी सापडेल हे कोणी सांगितल्याशिवाय कळणे अवघड. खूण केल्यावर १० एमबी किंवा अधिक जागा लागेल अशी सूचना येई आणि बऱ्याचदा विंडोजची मूळ सीडी मागितली जाई. ती ज्याच्याकडे असे त्याचे काम होई. लिनक्सवर फायरफॉक्स ३ येण्यापूर्वीच्या काही आवृत्त्यांत जोडाक्षरे नीट दिसावीत म्हणून एक पर्यावरणचल ठरवून मगच ब्राउझर सुरू करावा लागे. तो मार्ग जाणकारांपुरता राहिला.

जुनी दैनिके लगेच युनिकोडकडे वळली नाहीत, कारण त्यांचे सगळे छपाईकाम जुन्या फॉन्टवर चालत होते. त्या संधिकाळात फायरफॉक्ससाठी ‘पद्म’ हे विस्तारक आले. सुरुवात तेलुगूसाठी झाली होती. पुढे त्यात देवनागरीसह इतर लिप्या आल्या. जुन्या फॉन्टमधला मजकूर ते ब्राउझरमध्येच युनिकोडमध्ये बदलून दाखवी. वाचकांनी केलेल्या डागडुजीपैकी ही सर्वांत हुशारीची.

मोबाइलवर सगळा प्रकार पुन्हा झाला. जावावर चालणाऱ्या साध्या फोनमध्ये आणि सुरुवातीच्या अँड्रॉइडमध्ये देवनागरीचा फॉन्ट नव्हता, आणि तो टाकण्याची सोयही नव्हती. उपाय ऑपेरा मिनी या ब्राउझरमध्ये सापडला. पत्त्याच्या जागी ‘कॉन्फिग’चा छुपा पत्ता टाइप केला की एक साधे पान उघडे, त्याच्या तळाशी गुंतागुंतीच्या लिप्यांसाठी बिटमॅप फॉन्ट वापरायचे का, असा प्रश्न असे. तिथे ‘हो’ केले की कंपनीचा सर्व्हर अक्षरांची चित्रे बनवून फोनकडे पाठवी. डेटा जास्त लागे आणि शोध घेता येत नसे, पण स्वस्तातल्या फोनवर बातम्या वाचता येत. ही युक्ती तोंडोतोंडी पसरली. अँड्रॉइडच्या चौथ्या पिढीनंतर तिची गरज ओसरली.

संगणकावर विंडोज व्हिस्टाने, २००७ च्या सुरुवातीला, भारतीय लिप्यांची यंत्रणा मुळातच चालू ठेवली. थाईची चौकट इतिहासजमा झाली. पानाबरोबर फॉन्ट पाठवण्याची कल्पनाही परतली, या वेळी सर्वांना मान्य होईल अशा रूपात: सफारीने २००८ मध्ये आणि फायरफॉक्सने २००९ मध्ये ती स्वीकारली. १९९७ मध्ये जे हवे होते ते बारा वर्षांनी मिळाले.

सेटिंगने सुटणार नाहीत अशा अडचणी मात्र राहिल्या. ‘ॲप’, ‘ॲसिड’ यांतला ‘ॲ’ युनिकोडमध्ये स्वतंत्र अक्षर म्हणून आला तो एप्रिल २००८ च्या ५.१ आवृत्तीत. त्याआधीच्या फॉन्टमध्ये त्याची जागाच नव्हती, त्यामुळे जुन्या यंत्रावर तिथे चौकोन येई आणि कोणताही मेन्यू उपयोगी पडत नसे. ‘ॲ’ हिंदीला फारसा लागत नाही. मराठीला रोज लागतो. मोठ्या भाषेच्या सोयीने ठरलेल्या व्यवस्थेत धाकटीचे असेच होते.

एन्कोडिंगचा मेन्यू क्रोमने २०१६ च्या अखेरीस काढून टाकला. फायरफॉक्सने २०२१ मध्ये भाषांची लांबलचक यादी वगळून, मजकूर दुरुस्त करण्याची एकच आज्ञा ठेवली. बहुतेक पाने यूटीएफ-८ मध्ये आणि तसे नीट सांगणारी असल्याने या निर्णयाने फारसे कोणाचे अडले नाही. अडले ते जुन्या मजकुराचे. युनिकोडपूर्व काळात वेबवर आलेल्या मराठी पानांपैकी जी अजून कुठे साठवलेली आहेत, ती त्या त्या फॉन्टच्या मांडणीतच आहेत. शोधयंत्राला ती मराठी वाटत नाहीत आणि आजच्या ब्राउझरमध्ये त्यांच्यासाठी कोणतेही सेटिंग उरलेले नाही. परिवर्तक चालवून ती एकदा युनिकोडमध्ये आणणे एवढाच मार्ग आहे, आणि हे काम ज्यांच्याकडे तो मजकूर आहे त्या वृत्तपत्रांनी व संस्थांनी करायचे आहे.