आउटबोर्ड एंजिन, मासेमारी होडीवरील
होडीच्या मागील बाजूस बाहेरून अडकविता येणाऱ्या, एंजिन, उभा दंड व मळसूत्री पंखा एकत्र असलेल्या यंत्रास आउटबोर्ड एंजिन म्हणतात. ते किती उंचीवर बसवावे, हा प्रश्न वरवर किरकोळ वाटतो. परंतु होडीचे नियंत्रण, इंधनाचा खर्च व मच्छीमाराची सुरक्षितता त्यावर अवलंबून असते.

फ्रेंच संशोधक ग्यूस्ताव्ह त्रूव्हे यांनी १८८१ मध्ये पॅरिस येथे सेन नदीवर विद्युत् चलित्राची होडी चालवून दाखविली. अमेरिकेत कॅमरन वॉटरमन यांनी १९०५ च्या सुमारास पेट्रोल एंजिनाचे प्रयोग केले. मिलवॉकी येथील ओले एव्हिनरूड यांचे १·५ अश्वशक्तीचे एंजिन १९०९ मध्ये विक्रीस आले व लोकप्रिय झाले. मागे सपाट, आडवी फळी असलेल्या वल्ह्यांच्या होड्यांना ही एंजिने सोयीची होती. पुढे दंडाची लांबी प्रमाणित झाली : आखूड दंड सु. ३८ सेंमी. व लांब दंड सु. ५१ सेंमी. उंचीच्या फळीसाठी असतो.

पंख्याच्या लगेच वर एक आडवी पट्टी असते. ती होडीच्या तळाच्या पातळीत किंवा त्याखाली सु. २·५ सेंमी. असावी, असा सर्वसाधारण नियम आहे. एंजिन फार वर बसविल्यास पंखा पृष्ठभागावरील हवा ओढतो. एंजिन भरधाव फिरते, पण रेटा घटतो व वळण घेताना होडी हाती राहत नाही. शीतनाचे पाणी कमी पडून एंजिन तापते. फार खाली बसविल्यास पाण्याचा रोध वाढतो, तुषार उडतात व इंधन अधिक जळते. म्हणून योग्य उंची अखेर भरलेल्या होडीवर चाचणी घेऊनच ठरते.

दोन्ही टोके निमुळती असलेल्या पारंपरिक नौकांवर मात्र एंजिन अडकविण्यास फळीच नव्हती. सेनेगलमधील पिरोग नौकांवर १९५० नंतरच्या दशकात एंजिने आली, तेव्हा मागील भागात तळ कापून केलेल्या चौकटीत ती बसविण्याची पद्धत रूढ झाली. तेथे पंखा नौकेच्या मध्याकडे सरकत असल्याने लाटेवर मागील टोक उचलले, तरी तो पाण्यात राहतो. मात्र चौकटीत पाणी घुसळून रोध वाढतो व माल ठेवण्याची जागा घटते.

केरळच्या किनाऱ्यावर १९८० नंतरच्या दशकात केरोसिनवर चालणाऱ्या आउटबोर्ड एंजिनांचा प्रसार झपाट्याने झाला. गोवा व दक्षिण कोकणातील उलांडीच्या होड्यांवरही ती आली. एका बाजूस असलेल्या उलांडीचा रोध होडीला त्या बाजूस ओढतो. त्यामुळे तेथे उंचीबरोबर एंजिनाची दिशाही सांभाळावी लागते. फुटणाऱ्या लाटांतून किनाऱ्याला लागताना पंखा क्षणभर उघडा पडला, तरी होडी आडवी होऊन उलटण्याचा धोका असतो. तर उथळ पाण्यात तोच पंखा वाळूला लागू नये म्हणून एंजिन वेळीच वर उचलावे लागते. वल्ही व सुकाणू यांची जागा यंत्राने घेतली, तरी लाट ओळखण्याचे जुने कसब अनावश्यक झाले नाही.