मालवण किनारा : देवळे, दुर्ग आणि बागा

लंडन वा मँचेस्टर येथे स्थायिक झालेल्या मुलाबाळांकडे उन्हाळ्यात जाऊन येणारी मराठी मंडळी तीन गोष्टींचे कौतुक हमखास बरोबर आणतात : सॉल्झबरीसारखे भव्य कॅथीड्रल, विंडसरसारखा किल्ला आणि निगुतीने राखलेली एखादी बाग. 'जपावे तर त्यांनीच' हा समारोपही ठरलेला असतो. हे कौतुक रास्तच आहे. ऐतिहासिक वास्तू आणि निसर्गरम्य स्थळे सांभाळण्यासाठी त्या देशात १८९५ सालीच 'नॅशनल ट्रस्ट' ही संस्था स्थापन झाली. परंतु देऊळ, दुर्ग आणि बाग ही त्रयी पाहण्यासाठी सातासमुद्रापार जाण्याची गरज नाही. १९९७ साली पर्यटन जिल्हा म्हणून घोषित झालेल्या सिंधुदुर्गात, मालवणला मुक्काम ठेवून तीन दिवस काढले तरी ती मनसोक्त पाहता येते. मात्र एक गोष्ट ध्यानात ठेवली पाहिजे. इथल्या वास्तू रिकाम्या नाहीत. त्यांत माणसे राहतात, पूजाअर्चा चालते, शेतीला पाणी जाते. पाहुण्याने त्या वस्तुसंग्रहालयासारख्या नव्हे, तर कोणाच्या तरी घरी गेल्यासारख्या पाहाव्यात.

पहिला दिवस : पाण्यातले गाव

मालवणच्या किनाऱ्यावर 'मोरयाचा धोंडा' म्हणून ओळखला जाणारा एक खडक आहे. त्यावर गणपती, सूर्य, चंद्र व शिवलिंग कोरलेले दिसतात. सिंधुदुर्गाच्या उभारणीपूर्वीचे पूजन येथे झाले, असे परंपरा सांगते. घाईतले पर्यटक येथे थांबत नाहीत, पण दिवसाची सुरुवात येथूनच करावी. २५ नोव्हेंबर १६६४ रोजी कुरटे बेटावर शिवछत्रपतींनी किल्ल्याचा पाया घातला आणि १६६७ मध्ये बांधकाम पूर्णत्वास गेले. जंजिऱ्याचे सिद्दी, पोर्तुगीज आणि इंग्रज यांच्या आरमारांना तोंड देण्यासाठी स्वराज्याला हक्काचे ठाणे हवे होते, हे यामागचे कारण.

होडीने दहा-पंधरा मिनिटांत किल्ला गाठता येतो. समोर येईपर्यंत महाद्वार दिसत नाही, कारण ते दोन बुरुजांच्या आड, वळणाच्या वाटेत दडवलेले आहे. सुमारे ४८ एकरांचे बेट वेढणारा तट नागमोडी असून त्याची लांबी तीन किलोमीटरच्या आसपास भरते. आत दूधबाव, दहीबाव आणि साखरबाव या विहिरी आहेत. चहूकडे खारा समुद्र असताना त्यांचे पाणी गोडे आहे आणि त्यामुळेच येथे वस्ती टिकली. राजाराम महाराजांनी १६९५ साली बांधलेले शिवराजेश्वराचे मंदिर हे या किल्ल्याचे हृदय होय. येथे स्वतः शिवाजी महाराजांची मूर्ती पुजली जाते. तटावरील छोट्या घुमट्यांत जपलेले हाताचे व पायाचे ठसे महाराजांचे मानले जातात.

किल्ल्यात काही कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या राहत आली आहेत. इंग्लंडच्या कॉर्नवॉल किनाऱ्यावरील सेंट मायकल्स माउंट या बेटावरही असेच गढी, प्रार्थनास्थळ आणि वस्ती एकत्र आहेत. तेथे ओहोटीला पायी आणि भरतीला होडीने जाणे यातच प्रवाशांना मौज वाटते. आपल्या जलदुर्गातील रहिवाशांसाठी मात्र भरती-ओहोटी ही मौज नसून रोजचे वेळापत्रक आहे. होडीवाले साधारणपणे तासाभरात परत बोलावतात. शक्य असल्यास जास्त वेळ ठरवून घ्यावा आणि तटाच्या आतून, सावकाश फिरावे.

११ जुलै २०२५ रोजी युनेस्कोने मराठा लष्करी स्थापत्याशी निगडित बारा किल्ल्यांचा जागतिक वारसा यादीत समावेश केला. त्यांत सिंधुदुर्ग आणि विजयदुर्ग हे दोन्ही आहेत. समोरच्या राजकोटावर डिसेंबर २०२३ मध्ये उभारलेला महाराजांचा पुतळा ऑगस्ट २०२४ मध्ये कोसळला आणि २०२५ मध्ये तेथे नवा पुतळा उभा राहिला. बेटावरील तटाने मात्र साडेतीनशेहून अधिक पावसाळे सोसले आहेत.

दुसरा दिवस : आचरे ते विजयदुर्ग

उत्तरेकडे निघाल्यावर प्रथम आचरे लागते. येथील ग्रामदैवत रामेश्वर. काही वर्षांच्या अंतराने देवाचा कौल घेऊन येथे 'गावपळण' होते. तीन दिवस व तीन रात्री संपूर्ण गाव गुराढोरांसह वेशीबाहेर राहुट्यांत राहतो आणि देवाच्या हुकुमानंतरच परत येतो. कॅथीड्रलची उंची आपण फुटांत मोजतो. या देवळाची उंची मोजायची तर अशा आज्ञापालनानेच मोजावी लागेल. पुढे देवगड तालुक्यात, अगदी वाळूच्या काठावर कुणकेश्वराचे देवालय आहे. महाशिवरात्रीला येथे मोठी यात्रा भरते. निवांत दर्शन हवे असल्यास तो काळ टाळावा.

वाघोटन खाडीच्या मुखाशी विजयदुर्ग उभा आहे. त्याची मूळ उभारणी शिलाहार राजा भोज दुसरा याच्या काळातली मानतात. शिवछत्रपतींनी तो आदिलशाहीकडून जिंकून बळकट केला आणि पुढे तो आंग्र्यांच्या आरमाराचे केंद्र बनला. फेब्रुवारी १७५६ मध्ये वॉटसन आणि क्लाइव्ह यांनी समुद्राकडून, तर पेशव्यांच्या फौजेने जमिनीकडून तुळाजी आंग्र्यांना कोंडीत पकडले. आंग्र्यांचे आरमार किल्ल्याच्या आश्रयाला असतानाच जळून खाक झाले. मराठ्यांच्या सागरी सत्तेचा कणा मोडण्यास मराठ्यांचाच हात लागला, हा इतिहास या तिहेरी तटावर उभे राहून आठवला की मन विषण्ण होते.

'साहेबाचे ओटे' दाखवताना येथे हेलियमचा शोध लागल्याचे सांगितले जाते. वस्तुस्थिती थोडी निराळी आहे. हेलियमची पिवळी वर्णरेषा १८६८ मध्ये नोंदली गेली ती अन्यत्र. नॉर्मन लॉकयर हा शास्त्रज्ञ विजयदुर्गी आला तो २२ जानेवारी १८९८ च्या खग्रास सूर्यग्रहणाच्या निरीक्षणासाठी. ही खरी हकिगतही किल्ल्याचा मान वाढवणारीच आहे.

२०२० च्या पावसाळ्यात या किल्ल्याच्या तटाचा काही भाग ढासळला. दगडांच्या सांध्यांत रुजलेली झाडे, लाटांचा मारा आणि वाढती वर्दळ या तिन्हींना हा चुना किती काळ पुरा पडेल, हा प्रश्न वारसा यादीतील नोंदीने सुटत नाही. पर्यटकाने निदान तटावर चढून दगड सैल करू नयेत आणि नावे कोरू नयेत.

तिसरा दिवस : तळे, बागा आणि राजवाडा

मालवण-कुडाळ मार्गावरील धामापूरचा तलाव १५३० सालचा आहे. दोन टेकड्यांमध्ये बांध घालून तो निर्माण केला गेला. २०२० मध्ये जागतिक वारसा सिंचन स्थळांत त्याची नोंद झाली. काठावर भगवतीचे देऊळ आणि भोवती माडा-पोफळींची दाट सावली आहे. बाग कशी असावी, हे येथे शिकावे. पूर्वी लग्नकार्यासाठी हे तळे दागिने उसने देत असे, पण कोणीतरी ते परत केले नाहीत आणि तळ्याने देणे थांबवले, अशी आख्यायिका आहे. वारसा उसना घेतलेला असतो, याहून सोप्या शब्दांत सांगता येणार नाही.

कुडाळजवळील पिंगुळीत ठाकर समाजाची चित्रकथी आणि कळसूत्री बाहुल्यांची परंपरा पाहता येते. पुढे सावंतवाडीत मोती तलावासमोर भोसले घराण्याचा राजवाडा आहे. लाखकाम केलेली गंजिफा आणि लाकडी खेळणी ही या गावाची ओळख. गंजिफाची कला लोप पावत असताना शिवरामराजे आणि सत्त्वशीलादेवी भोसले यांनी तिला राजवाड्यातच आश्रय दिला.

एक बाग समुद्राखालीही आहे. सिंधुदुर्ग आणि पद्मगड यांच्या परिसरातील २९.१२ चौरस किलोमीटरचे क्षेत्र १९८७ साली मालवण सागरी अभयारण्य म्हणून घोषित झाले. तेथील प्रवाळ सजीव असते. त्यावर पाय ठेवू नये, तुकडा तोडू नये आणि विकत घेऊ नये.

प्रवासापूर्वी

कोकण रेल्वेने कुडाळ, सिंधुदुर्ग किंवा कणकवली स्थानकावर उतरून मालवणसाठी एसटी अथवा खासगी वाहन मिळते. चिपी येथे २०२१ पासून विमानतळ आहे, मात्र विमानसेवेची खात्री आगाऊ करून घ्यावी. ऑक्टोबर ते फेब्रुवारी हा काळ उत्तम. पावसाळ्यात किल्ल्याची होडी वाहतूक बंद असते. पद्मगडाकडे दांडी किनाऱ्यावरून जायचे असल्यास ओहोटीची वेळ स्थानिक मच्छीमारांना विचारल्याखेरीज पाण्यात पाऊल टाकू नये. देवळांत आणि किल्ल्यातील घरांसमोर छायाचित्र काढण्यापूर्वी अनुमती घ्यावी.