वायुवहन, रक्तातील

फुप्फुसांतला ऑक्सिजन ऊतकांपर्यंत नेणे आणि तिथे तयार झालेला कार्बन डाय-ऑक्साइड परत आणणे या रक्ताच्या कार्यास वायुवहन म्हणतात.

रक्तद्रवात ऑक्सिजन जेमतेम विरघळतो. 100 मिलि. रक्तात तो असा सुमारे 0.3 मिलि. मावतो, हिमोग्लोबिनमुळे हे प्रमाण 20 मिलि.च्या घरात जाते. त्यामुळे हिमोग्लोबिनची ओळख बहुधा ‘ऑक्सिजन पकडणारे प्रथिन’ अशी करून दिली जाते. ती अपुरी आहे, कारण नुसते पकडणे याहून साध्या प्रथिनांनाही साधते. हिमोग्लोबिनचे वैशिष्ट्य सोडण्यात आहे. ऊतकांत ऑक्सिजनचा दाब कमीच असतो, तेव्हा कोणतेही वाहक प्रथिन तो तिथे सोडणारच, मग यात विशेष काय, असा आक्षेप घेता येईल. त्याचे उत्तर स्नायूंतल्या मायोग्लोबिनकडे आहे. ते 2-3 मिमी. पारा एवढ्या दाबालाच निम्मे भरते. रक्तात हिमोग्लोबिनच्या जागी तेच असते, तर फुप्फुसांतल्या सुमारे 100 मिमी. दाबाला ते काठोकाठ भरले असते आणि ऊतकांतल्या 40 मिमी. दाबालाही जवळपास भरलेलेच माघारी फिरले असते. हिमोग्लोबिन मात्र 26-27 मिमी. दाबाला निम्मे भरलेले असते. विश्रांतीत ते सुमारे चौथा हिस्सा ऑक्सिजन उतरवते आणि कष्टाच्या कामात त्याहून कितीतरी अधिक. त्याच्या रेणूचे चार भाग एकमेकांवर परिणाम करतात, हे याचे कारण : एकाने ऑक्सिजन घेतला की इतरांना घेणे सोपे जाते, एकाने सोडला की इतरांना सोडणे. ही रचना क्ष-किरणांच्या साहाय्याने माक्स पेरुट्स यांनी उलगडली (नोबेल पारितोषिक, 1962).

कोपनहेगनमध्ये क्रिस्तियान बोर, कार्ल हॅसेलबाल्क व ऑगस्ट क्रोग यांनी 1904 मध्ये दाखवले, की कार्बन डाय-ऑक्साइड वाढला की हिमोग्लोबिनची ऑक्सिजनवरची पकड सुटते. म्हणजे जो स्नायू जास्त राबतो, त्याच्याच टाकाऊ वायूमुळे त्याच्या पदरात जास्त ऑक्सिजन पडतो. फुप्फुसे ऑक्सिजन ग्रंथीप्रमाणे स्रवतात, असे मात्र याच बोर यांचे मत होते. क्रोग व त्यांच्या पत्नी मारी यांच्या प्रयोगांनी 1910 मध्ये ते खोडून निघाले आणि साधे विसरण पुरेसे ठरले. जॉन स्कॉट हॉल्डेन (पुढे भारतात स्थायिक झालेल्या जे. बी. एस. हॉल्डेन यांचे वडील) यांनी स्रवणाचा पक्ष त्यानंतरही सोडला नाही. त्यांनीच सहकाऱ्यांसह 1914 मध्ये बोर यांच्या 1904 च्या शोधाची उलट बाजू मांडली : ऑक्सिजन सोडलेले रक्त कार्बन डाय-ऑक्साइड अधिक उचलते.

हिमोग्लोबिनचे वैशिष्ट्य सोडण्यात आहे, या मांडणीचा खरा कस कार्बन मोनॉक्साइडच्या विषबाधेत लागतो. रक्तक्षयात निम्मे हिमोग्लोबिन गेलेला माणूस दमतो, जिना चढताना थांबतो, पण बहुधा हिंडता-फिरता राहतो. बंद खोलीत शेगडीच्या धुरामुळे निम्मे हिमोग्लोबिन कार्बन मोनॉक्साइडने अडवलेल्या माणसाच्या मात्र जिवावर बेतते. ऑक्सिजन वाहण्याची क्षमता दोघांचीही निम्मीच झालेली असते. फरक असा, की हा वायू उरलेल्या जागांवरचा ऑक्सिजनही घट्ट बांधून ठेवतो. तो ऊतकांपर्यंत पोचतो, पण उतरत नाही. या वायूचा पेशींवर थेट परिणामही होतो, असे काही अभ्यासक मानतात. तो धरला तरी वरील फरक कायम राहतो.

दुसरा आक्षेप पक्ष्यांवरून येतो. हिवाळ्यात उजनीच्या जलाशयावर उतरणारा पट्टकादंब हिमालय ओलांडतो आणि त्याच्या हिमोग्लोबिनची पकड सखल भागातल्या त्याच्या नातलगांपेक्षा घट्ट असते. मग धरण्यालाच महत्त्व नाही का? विरळ हवेत भरणेच अवघड असल्याने तिथे पकड उपयोगी पडते, हे खरे. पण याच पक्ष्याच्या उड्डाणस्नायूंत केशवाहिन्यांचे जाळेही अधिक दाट असते. घट्ट पकडीमुळे सोडण्यात येणारी अडचण अशी भरून निघते. गर्भाचे हिमोग्लोबिनही घट्ट धरते, कारण गर्भाला ऑक्सिजन आईच्या रक्तातून ओढून घ्यायचा असतो.

परतीच्या वाटेवरचा कार्बन डाय-ऑक्साइड मात्र मुख्यतः बायकार्बोनेटच्या रूपात वाहिला जातो.

कोविडच्या साथीत घरोघरी पोचलेला ऑक्सिमीटर ऑक्सिजन सोडण्याच्या बाबतीत तोकडा आहे. बोटाला लावलेल्या चिमट्यावर दिसणारे 97 हे हिमोग्लोबिन किती भरले, एवढेच सांगते. किती उतरले, हे सांगत नाही. कार्बन मोनॉक्साइडने अडलेल्या जागाही साधे उपकरण भरलेल्याच धरते, त्यामुळे शेगडीच्या खोलीतून बाहेर काढलेल्या, शुद्ध हरपलेल्या माणसाच्या बोटावरही आकडा चांगलाच दिसू शकतो.