किल्ली कोणाच्या हातात?

संगणकाची बुद्धी काही मोजक्यांनाच उपजत असते, असे आजही छातीठोकपणे सांगितले जाते. हा दावा इतिहासाच्या कसोटीवर घासून पाहिला पाहिजे, असे आम्हाला वाटते.

अमेरिकेतील एमआयटी या संस्थेत 1946 साली विद्यार्थ्यांनी 'टेक मॉडेल रेलरोड क्लब' स्थापन केला. नाव खेळण्यातल्या रेल्वेचे. पण त्यातील एक गट टेबलाखाली टेलिफोनचे रिले आणि तारा जोडून गाड्यांची नियंत्रण यंत्रणा उभारत असे. ठरावीक तास काम केले की नव्या सभासदाला खोलीची किल्ली मिळे. श्रम हीच पात्रता.

पुढे संस्थेत आयबीएम 704 हा अवाढव्य संगणक आला. विद्यार्थ्यांनी छिद्रे पाडलेली कार्डे चालकांकडे सोपवायची आणि उत्तराची वाट पाहायची. यंत्राला हात लावायचा नाही! स्टीव्हन लेव्ही यांनी 'हॅकर्स' (1984) या ग्रंथात या चालकवर्गाला पुरोहितवर्ग म्हटले आहे. गाभाऱ्याबाहेर उभे राहणे म्हणजे काय, हे आम्हाला वेगळे समजावून सांगायला नको.

1958 मध्ये टीएक्स-0 हा संगणक संस्थेत आला. क्लबचे माजी सभासद जॅक डेनिस यांनी मुलांना थेट त्या यंत्रापर्यंत नेले. मुले रात्र-रात्र जागून स्वतःच्या हाताने ते चालवू लागली. 1962 मध्ये स्टीव्ह रसेल आणि त्याच्या मित्रांनी पीडीपी-1 वर 'स्पेसवॉर' हा खेळ घडवला. आधी प्रवेश मिळाला, मग प्रतिभा दिसली. क्रम असा आहे.

पण हे चित्र अर्धेच आहे. जन्म, वय, पदवी पाहू नका, काम पाहा, असे ही मंडळी मानत. बारा वर्षांचा पीटर डॉइच त्यांच्यात सहज सामावला. मात्र त्याचे वडील तिथेच प्राध्यापक होते! एमआयटीने 1873 मध्येच एका स्त्रीला पदवी दिली होती. तरीही जवळजवळ नव्वद वर्षांनी या वर्तुळात मुली नव्हत्याच. दाराला कुलूप नसले म्हणजे दार सर्वांसाठी उघडे असते, असे नाही.

म्हणून कॉलेजात गेलेल्या आपल्या मुलामुलींना आमचे सांगणे आहे : संगणक क्लबच्या दारात "आपल्याला जमेल का?" असे म्हणत थांबू नका. आत जा, हात घाला, चुका, शिका. आणि किल्ली मिळाली की मागून येणाऱ्यासाठी दार उघडे ठेवा. नाहीतर पुरोहित तेवढे बदलतील, गाभारा तोच राहील.