नियम एकाचे, खेळ अनेकांचा

काल रोह्याच्या व्याख्यानानंतर एका महाविद्यालयीन मुलाने आम्हांला गाठलं. म्हणाला, "सर, दुसऱ्याच्या खेळावर पुस्तकं काढून विकणारे म्हणजे बांडगुळंच ना?" तिथे उत्तर नीट जमलं नाही. आज पेणला ते पुरं करतो.

आधी खेळ कोणता ते सांगू. चार-पाच जण टेबलाभोवती बसतात. प्रत्येक जण एकेक पात्र घेतो आणि एक जण सूत्रधार होतो. प्रसंग सूत्रधार सांगतो, आपलं पात्र काय करील ते खेळाडू ठरवतो आणि ते जमलं की फसलं, हे फासा सांगतो. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी १९७४ साली अमेरिकेत काढलेला 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' हा या जातीचा आद्य खेळ. पहिली आवृत्ती अवघ्या हजार प्रतींची. नियम होते, पण दर बैठकीला नवी कथा आणायची कुठून? तो भार सूत्रधाराच्या डोक्यावर.

ही अडचण बाहेरच्यांनी लवकर हेरली. १९७६ मध्ये इलिनॉयच्या 'जजेस गिल्ड'ने एक अख्खं काल्पनिक शहर, नकाशा, दुकानं, माणसं यांसह विकायला काढलं. मूळ कंपनीच्या स्वतःच्या सुट्या साहसकथा बाजारात आल्या १९७८ मध्ये. आता बांडगूळ कोणाला म्हणायचं?

पुढे खेळ 'विझार्ड्स ऑफ द कोस्ट'कडे गेला. २००० साली त्यांनी नियमांचा मोठा भाग खुल्या परवान्याने सर्वांना वापरू दिला. यामागे रायन डॅन्सी यांचा हिशेब होता, निव्वळ दानत नव्हे. साहसकथेचं पुस्तक एकटा सूत्रधार घेतो, नियमांचं मात्र प्रत्येक खेळाडू. मग कथा इतरांनी छापाव्यात, खप आपल्या नियमांचा वाढेल! रद्दी पुस्तकंही ढिगाने निघाली, हेही खरं. पण २००८ मध्ये नव्या आवृत्तीचा परवाना आवळला गेला, तेव्हा 'पायझो'ने जुन्या खुल्या नियमांवरच 'पाथफाइंडर' उभा केला. ज्यांना जुना खेळ हवा होता, त्यांना घर मिळालं.

जानेवारी २०२३ मध्ये नव्या परवान्याचा मसुदा फुटला: मोठ्या प्रकाशकांनी उत्पन्नातला वाटा द्यावा आणि जुना परवाना यापुढे अधिकृत नाही. तेवीस वर्षांच्या शब्दावर ज्यांनी संसार मांडले, त्यांचं काय? खेळाडूच भडकले. महिना संपण्याआधी कंपनीने माघार घेतली आणि मूळ नियम 'क्रिएटिव्ह कॉमन्स'मध्ये सोडले. तो परवाना परत घेता येत नाही.

तुम्हां पेणकरांना यात नवल वाटू नये. हमरापूर-जोह्याहून कच्च्या मूर्ती बाहेरगावी जातात; रंग, डोळ्यांची आखणी तिथले कारागीर करतात. तरी गिऱ्हाईक गणपती पेणचाच म्हणून नेतं.

आता आमचीच एक गोष्ट. आम्ही तर्कशास्त्र शिकवत होतो. धूर आणि अग्नी, तेच ते उदाहरण वर्षानुवर्षं. एका विद्यार्थ्याने आमच्या टिपणांत मिठागरातली, भातशेतीतली उदाहरणं घातली आणि सायक्लोस्टाइल करून वसतिगृहात विकली. आम्ही संतापलो, सगळ्या प्रती जप्त करून फाडल्या. एखादी ठेवली असती, तर आज तुम्हांला वाचून दाखवली असती.