पवनी : वैनगंगेकाठचे प्राचीन नगर

पवनी हे भंडारा जिल्ह्याच्या दक्षिण भागातील वैनगंगेकाठचे प्राचीन नगर आहे. गावाच्या एका अंगाला नदी असून जमिनीकडच्या बाजूंनी मातीचा उंच तट व खंदक होता. या तटावर पुढील काळात दगडी बांधकाम झाले. तटाचे आणि दरवाजाचे अवशेष आजही दिसतात.

येथील सर्वांत महत्त्वाचा शोध 1969-70 मध्ये लागला. नागपूर विद्यापीठ आणि भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण यांनी शां. भा. देव व ज. प. जोशी यांच्या नेतृत्वाखाली उत्खनन केले. जगन्नाथ मंदिरामुळे ‘जगन्नाथ टेकडी’ म्हणून ओळखला जाणारा उंचवटा प्रत्यक्षात बौद्ध स्तूप निघाला. स्तूपाभोवतीच्या दगडी कठड्यावर बोधिवृक्ष, रिकामे आसन आणि फणा उभारलेला मुचलिंद नाग कोरलेले आढळले. बुद्धाला मानवी रूपात न दाखवता चिन्हांनी सूचित करण्याची ही पद्धत भारहूत व सांचीच्या शिल्पांतही आहे. कठड्यासाठी दान देणाऱ्यांची नावे ब्राह्मी लिपीत कोरलेली आहेत.

पवनीच्या राजकीय इतिहासाची साक्ष दोन कोरीव लेख देतात. एका शिळेवर भार कुळातील राजा भगदत्त याने पादुकापट्ट, म्हणजे पादुका कोरलेली शिळा, स्थापल्याची नोंद आहे. दुसरा लेख महाक्षत्रप रुपिअम्म याच्या स्मरणार्थ उभारलेल्या ‘छायास्तंभा’वर आहे. विदर्भात क्षत्रपांचा, म्हणजे शक शासकांचा, वावर होता, हे या स्तंभावरून कळते. वि. वा. मिराशी यांनी या लेखांचा अभ्यास केला. वाकाटक राजा दुसरा प्रवरसेन याच्या ताम्रपटात ‘बेण्णाकट’ हा प्रदेश येतो. तो पवनीजवळून वाहणाऱ्या याच वैनगंगेच्या काठचा मानला जातो. हा ताम्रपट बालाघाट जिल्ह्यातील तिरोडी येथे सापडला.

नंतरच्या शतकांत पवनी हे मंदिरांचे गाव झाले. घाट, वैजेश्वर व मुरलीधर मंदिरे यांमुळे त्याला ‘विदर्भाची काशी’ म्हणतात. येथील पंचमुखी सर्वतोभद्र गणेश विदर्भातील अष्टविनायकांत गणला जातो. कोष्टी विणकरांच्या तलम कापडासाठीही गाव प्रसिद्ध होते.

जवळच्या रुयाड येथे 2007 मध्ये नवा महास्तूप उभा राहिला. रुपिअम्माचा छायास्तंभ मात्र पवनीत नाही. तो नागपूरच्या मध्यवर्ती संग्रहालयात, म्हणजे ‘अजब बंगल्या’त आहे.